बॉल पायथनची कात अडकली आहे, डोळ्यावरही पापुद्रा राहिलाय. काय करू? (कोल्हापूर)

कळंबा_तळ्याकाठी | ९ फेब्रुवारी, रात्री ११:२०

माझ्याकडे चार वर्षांची बॉल पायथन (आफ्रिकेतल्या अजगराची जात) मादी आहे. रंग काकवीसारखा, आणि घाबरली की गुळाच्या ढेपेसारखी गोल होऊन बसते, म्हणून घरात तिचं नाव ढेप पडलं. आज सकाळी तिने कात टाकली, पण अख्खी निघाली नाही. पेटीत कातीचे आठ-दहा तुकडे सापडले. पाठीच्या मधल्या भागावर पापुद्रा तसाच चिकटून आहे, शेपटीच्या टोकाला कडं राहिलंय आणि डावा डोळा धुरकट दिसतोय. उजवा स्वच्छ काळा आहे.

आजवर तिची कात मोज्यासारखी एकसंध निघायची. असं पहिल्यांदाच झालंय. दुपारी मी पाठीवरचा एक तुकडा नखाने उचलून बघितला तर ती एकदम आक्रसली. मग हात लावला नाही. यजमान म्हणतात चिमट्याने हळूच निघेल, सासूबाई म्हणतात खोबरेल लाव. दोन्हीचं धाडस होत नाही.

पेटी काचेची, तीन फुटी, वर जाळीचं झाकण. थंडीसाठी जाळीवर शंभर वॉटचा बल्ब थर्मोस्टॅटला जोडलाय. खाली वर्तमानपत्र. उबेच्या बाजूला ३२, दुसऱ्या बाजूला २६ अंश असतं. हवेतला ओलावा मोजायचं काही माझ्याकडे नाही. कुणाला अनुभव असेल तर आत्ताच सांगा, आज झोप लागेलसं वाटत नाही.

---

शिवाजी_पेठ_०९ | ९ फेब्रुवारी, रात्री ११:३४

ताई, चिमटा कपाटात ठेवून द्या. खोबरेल पण नको. रात्रीत काही बिघडणार नाही, कात अडकून एकच दिवस झालाय. पाण्याचं भांडं भरून ठेवा, लाईट बंद करून तिला शांत राहू द्या. जाणकार सकाळपर्यंत येतीलच इथं.

---

नवा_सभासद_राजारामपुरी | ९ फेब्रुवारी, रात्री ११:५१

डोळ्यावरच्या पापुद्र्याला सेलोटेप हलकेच लावून उचलला की निघतो असं एका व्हिडिओत बघितलंय. करून बघायला हरकत नाही.

---

उंबरठ्यावरचा_पाऊस | १० फेब्रुवारी, पहाटे ५:४८

सेलोटेप अजिबात नको. हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो.

सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, घड्याळाच्या काचेसारखा. आपण त्याला डोळ्याची टोपी म्हणू. प्रत्येक वेळी कातीबरोबर ही टोपीही निघते आणि खाली नवी तयार असते. आता जुनी टोपी अडकली आहे असं समजून आपण चिकटपट्टीने ओढली, आणि ती आधीच निघून गेलेली असली, तर हातात येते ती नवी. मग डोळा उघडा पडतो आणि तो डोळा जातो.

मी हे वाचून सांगत नाही. आठ वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या सापाचा उजवा डोळा मी असाच घालवला. चिकटपट्टी नव्हती, ओला कापूस आणि नख होतं. मला वाटलं टोपी राहिली आहे, कारण डोळ्यावर सुरकुती दिसत होती. ती सुरकुती तहानेची होती. अंगात पाणी कमी झालं की बॉल पायथनच्या डोळ्यावर खळगा पडतो, सुरकुती दिसते. दोन दिवस हवा दमट ठेवली की आपोआप भरून येते. मला ते माहीत नव्हतं. तो साप पुढं पाच वर्षं जगला, एका डोळ्याने. त्याला खायला देताना मी कायम डाव्या बाजूने हात न्यायचो.

म्हणून डोळ्याचं सगळ्यात शेवटी बघू. आधी पाठ आणि शेपटी. त्यातही शेपटी पहिली, कारण घाई आहे तर तिथंच आहे. टोकाला राहिलेलं कडं सुकत जातं तसं आवळतं. दोन-तीन वेळच्या कातीची कडी एकावर एक बसली की पुढचा रक्तपुरवठा बंद होतो आणि टोक काळं पडून वाळतं. तुमचं एकाच वेळचं आहे, म्हणजे वेळेत आहात.

आज असं करा:

झाकणाला भोकं असलेला प्लास्टिकचा मोठा डबा घ्या. त्यात कोमट पाणी, २८ ते ३० अंश. थर्मामीटर बुडवूनच बघा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. आपल्या हाताला छान गरम लागणारं पाणी तिच्यासाठी जास्त गरम असतं. बरोबर पाणी आपल्याला किंचित गारच वाटेल. खोली तिच्या अंगाच्या जाडीच्या निम्म्याएवढी, जास्त नको. अर्धा तास ठेवा आणि त्या अर्ध्या तासात डब्यापासून हलू नका, फोनसाठीसुद्धा नाही.

मग आपला सुती पंचा, जुना, धुऊन धुऊन खरबरीत झालेला. तो त्याच पाण्यात पिळून घ्या, दुहेरी करून मुठीत सैल धरा आणि तिला त्यातून स्वतः सरपटत जाऊ द्या. ओढायचं काम तिचं, आपण फक्त पंचा धरायचा. टॉवेलपेक्षा पंचा बरा, त्याच्या विणीत पापुद्रा अडकतो आणि धागे निघून खवल्यांत राहत नाहीत. चार-पाच वेळा गेली की पाठीवरचं बरंचसं जाईल. जे राहील ते राहू द्या, उद्या परत.

शेपटीला ओल्या कापसाची पट्टी दहा मिनिटं गुंडाळून ठेवा, मग अंगठा आणि बोट यांच्यात ओला पंचा घेऊन टोकाकडे हलकं फिरवा. टोकाकडेच, उलट दिशेने कधीच नाही, खवले उचकटतात. पाणी, पंचा आणि धीर, याखेरीज तिच्या अंगाला काही लावू नका. तेलाने पापुद्रा मऊ झाल्यासारखा वाटतो, पण अंग आणि पेटी तेलकट होते, धूळ चिकटते, आणि नंतर पाणी आत शिरत नाही.

---

गगनबावडा_रस्ता | १० फेब्रुवारी, सकाळी ७:१५

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी सर्पमित्र म्हणून फिरतो, पाळत नाही, पण एक विचारतो. ह्या सापाची नोंदणी झाली आहे ना? वाईट मानू नका, इथं नवीन मुलं वाचत असतात म्हणून विचारतोय.

---

कळंबा_तळ्याकाठी | १० फेब्रुवारी, सकाळी ७:४०

अजिबात वाईट वाटलं नाही दादा, उलट बरं झालं विचारलंत. होय, झाली आहे. बॉल पायथन आफ्रिकेतला, साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टातला. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाल्यावर असे विदेशी प्राणी अनुसूची ४ मध्ये आले. २०२४ चे नियम आल्यावर सरकारच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंद केली, त्याची प्रत पेटीच्या मागच्या भिंतीवरच चिकटवलेली आहे. साप दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली किंवा मेला तरी कळवावं लागतं, तेही माहीत आहे.

@उंबरठ्यावरचा_पाऊस, तुमच्या सापाचं वाचून खूप वाईट वाटलं. बरं झालं रात्री काही केलं नाही. आज सुट्टी टाकली आहे. यजमान पंचा शोधताहेत.

---

गगनबावडा_रस्ता | १० फेब्रुवारी, सकाळी ८:०२

धन्यवाद ताई. आता बाकीच्यांसाठी: धामण, नाग, कवड्या, आपला अजगर, कुठलाही देशी साप घरात ठेवणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, "जखमी होता म्हणून ठेवला" हेही चालत नाही. विहिरीच्या कठड्यावर कात अर्धी अडकलेली धामण दिसली म्हणून लोक मला फोन करतात. नव्याण्णव वेळा ती तिची ती मोकळी होते. दगड आहे, बोर आहे, उसाचं पाचट आहे, घासायला काय कमी आहे तिला? रान तिला जे देतं ते काचेच्या पेटीत आपण द्यायचं असतं. खरंच जखम दिसली तर वनविभागाचा १९२६ नंबर फिरवा, स्वतः धरायला जाऊ नका.

---

उंबरठ्यावरचा_पाऊस | १० फेब्रुवारी, सकाळी ९:३०

वरचं पाचटाचं वाचून मूळ मुद्द्यावर येतो. ताई, तुमच्या पेटीत घासायला काय आहे? वर्तमानपत्र गुळगुळीत, काच गुळगुळीत. सापाची कात नाकापासून सुटते. तो तोंड कशावर तरी घासतो, ओठाची कड उलटते, मग तो कशात तरी अडकवून तिच्यातून बाहेर सरकतो आणि कात उलटी होत मागं राहते. अडकवायला काही नसेल तर सुरुवातच नीट होत नाही.

पण मला खरं कारण दुसरं वाटतंय. फेब्रुवारी चालू आहे. आपले ओठ फुटलेत, टाचांना भेगा पडल्यात, गुऱ्हाळावर काहिलीजवळ उभं राहिलं तरी पाठ गार आणि कोरडी. ह्या हवेत तुम्ही जाळीच्या झाकणावर शंभरचा बल्ब ठेवला आहे. गरम हवा सरळ वर जाते, जाळीतून पेटीतला ओलावा घेऊन बाहेर. त्यातून खालचा कागद उरलंसुरलं पाणी शोषतो. तापमान अगदी बरोबर आहे, म्हणूनच तुम्हाला शंका आली नसणार.

आतमध्ये काय घडतं ते लक्षात घेतलं की हे पटेल. कात टाकायच्या आधी जुन्या कातडीखाली नवी तयार होते आणि दोन्हींच्या मधे पातळ द्रव भरतो. त्यामुळंच अंग मळकट आणि डोळे निळसर-दुधाळ दिसतात. चार-सहा दिवसांनी डोळे परत स्वच्छ होतात, आणि त्यानंतर काही दिवसांत कात पडते. ह्या द्रवावरच सगळं अवलंबून आहे. अंगात पाणी कमी, हवा कोरडी, तर थर नीट सुटे होत नाहीत आणि जुना नव्यावर वाळून बसतो, खळीच्या कागदासारखा.

बॉल पायथनला एरवी ५५ ते ६५ टक्के आर्द्रता लागते, डोळे दुधाळ झाल्यापासून कात पडेपर्यंत ७० च्या आसपास. आजच डिजिटल आर्द्रतामापक आणा, तीन-चारशे रुपयांत मिळतो. सुईचा गोल तबकडीवाला घेऊ नका, तो मनाला येईल ते दाखवतो. आकडा इथं लिहा.

आणि एक तपासा. पांढरा टिश्यू ओला करून तिच्या अंगावरून फिरवा, पाण्याच्या भांड्याच्या तळाशी बघा. मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसले, हलले, तर गोचिडीच्या जातीचे माइट्स आहेत. त्यांनीही कात अडकते, आणि डोळ्याच्या कडेला ते मुद्दाम बसतात. तसं असेल तर इलाज वेगळा.

---

कळंबा_तळ्याकाठी | १० फेब्रुवारी, दुपारी ४:१०

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. पाणी २९ अंश. पहिली दहा मिनिटं ती डब्यात अस्वस्थ होती, मग शांत झाली आणि चक्क पाणी प्यायला लागली. बराच वेळ पीत होती. मी तिला एवढं पाणी पिताना कधी बघितलं नव्हतं, आणि तेव्हा मला रडू आलं. इतकी तहानलेली होती आणि मला कळलं नाही.

पंच्यातून तिसऱ्या वेळी गेली तेव्हा पाठीवरचा वीतभर पापुद्रा एका झटक्यात पंच्यात राहिला. शेपटीचं कडंही निघालं, यजमानांनी पट्टी धरली होती. टोक गुलाबी-पिवळसर आहे, काळं नाही. माइट्स नाहीत, टिश्यू स्वच्छ. मानेच्या खाली दोन छोटे तुकडे राहिलेत. डावा डोळा तसाच.

आर्द्रता: ३१ टक्के.

आणखी एक सांगायचं राहिलं. मागच्या आठवड्यात तिचे डोळे दुधाळ झाले होते तेव्हाच घरी पाहुणे होते, मुलांच्या हट्टाखातर मी तिला दोनदा बाहेर काढलं. तेव्हाही ती फुसफुसली होती.

---

रंकाळा_पश्चिम | १० फेब्रुवारी, सायंकाळी ६:२५

ताई, ३१ म्हणजे फारच कमी. पण पाणी प्यायली हे फार चांगलं झालं.

डोळे दुधाळ असताना त्यांना धड दिसत नाही, त्यामुळं घाबरतात. त्या दिवसांत हातात घेऊ नये आणि खायलाही देऊ नये. पाहुण्यांना शेपूट बघायला मिळाली तरी पुरे असं सांगायचं. मी तर पेटीवर पांढरं फडकं टाकतो. घरात सगळ्यांना कळतं की आता कुणी हात घालायचा नाही.

माझ्या पेटीचं सांगतो, उपयोग होईल. जाळीच्या झाकणाचा तीन चतुर्थांश भाग मी अॅल्युमिनियम फॉइलने झाकलाय, बल्बाच्या खालची जागा आणि एक कोपरा मोकळा. बल्ब फॉइलला टेकणार नाही हे बघा. खाली कागदाऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चार बोटं थर. नर्सरीत त्याची दाबलेली वीट मिळते, फक्त खत मिसळलेली नको. दोनदा धुऊन घ्या, पहिल्या पाण्यात क्षार निघतात. ओलावा द्यायचा तर वरून फवारू नका, कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओता म्हणजे तळ ओला आणि वरचा थर कोरडा राहतो. पाण्याचं भांडं मोठं घ्या आणि उबेच्या बाजूला सरकवा. आणि आइस्क्रीमच्या दोन किलोच्या डब्याला भोक पाडून आत ओलसर कोकोपीट किंवा मॉस (शेवाळ) भरा. पिळलं तर हाताला थेंब लागू नये इतपतच ओलं. कातीच्या दिवसांत साप आपणहून त्यात जाऊन बसतो. घासायला नारळाची करवंटी, पेरूच्या झाडाची फांदी, एखादा खडबडीत दगड.

हे सगळं जूनपर्यंत. आमचं घर रंकाळ्याच्या बाजूला तळमजल्यावर, जुलैत भिंतींना ओल येते. पहिल्या वर्षी मी पावसाळ्यातही तसंच पाणी ओतत राहिलो आणि सापाच्या पोटाखालचे खवले तपकिरी पडून फोड आले. ते बरं व्हायला अडीच महिने लागले, रोज औषध. ओलं अंथरूण आणि दमट हवा ह्यात फरक आहे. जुलै-ऑगस्टला फॉइल काढून टाकायची, हवा खेळू द्यायची, आर्द्रतेचा आकडा बघून चालायचं. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला किंवा तोंडाला फेस दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर.

---

महाद्वार_जुनं_दुकान | १० फेब्रुवारी, रात्री ९:०५

ताई, निघालेली कात टाकून देऊ नका. आमच्याकडं तिजोरीत ठेवतात, बरकत असते म्हणून. काही जण औषधालाही मागतात.

---

गगनबावडा_रस्ता | १० फेब्रुवारी, रात्री ९:४४

काका, पाळलेल्या सापाची कात घरात ठेवली तर ठेवा, आठवण म्हणून सुंदर असते. पण पोटात घ्यायला किंवा जखमेवर लावायला कुणाला देऊ नका, विनंती आहे. सापाच्या अंगावर असे जंतू असतात की माणसाचं पोट बिघडतं. ताई, तुम्हीसुद्धा डबा, पंचा वेगळा ठेवा आणि हात साबणाने धुवा. घरात लहान मुलं आहेत म्हणालात.

---

कळंबा_तळ्याकाठी | १३ फेब्रुवारी, रात्री १०:१५

मानेखालचे तुकडे दुसऱ्या दिवशीच्या पंच्यात गेले. पेटी बदलली. कोकोपीट, फॉइल, आइस्क्रीमचा डबा, अंगणातल्या पेरूची फांदी. आर्द्रता आता ६० ते ६३ मध्ये असते. काल रात्री ती पहिल्यांदा फांदीवर चढली.

डोळ्यासाठी आज डॉक्टरांकडे गेलो. ते मुख्यतः गुरांचे आणि कुत्र्यांचे, त्यांनी आधीच सांगितलं की साप फार बघितलेले नाहीत, आणि मग माझ्यासमोर पुण्यातल्या एका डॉक्टरांना फोन लावून फोटो पाठवले. मला त्यांचा तो प्रामाणिकपणा फार भावला. सल्ला असा: टोपी एकाच वेळची आहे, डोळा सुजलेला नाही, स्राव नाही, तर ओढायची नाही. डोळ्याचं वंगण जेल दिवसातून दोनदा, हवा दमट, आणि पुढच्या कातीची वाट बघायची. पुढच्या वेळीही नाही निघाली तर घेऊन या.

@उंबरठ्यावरचा_पाऊस, म्हणजे तुम्ही सांगितलं तेच.

---

उंबरठ्यावरचा_पाऊस | १४ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

मग थांबा. कठीण आहे, रोज त्या डोळ्याकडे लक्ष जाईल. पण थांबा. पुढची कात पडली की लगेच उलटी करू नका, पेटीतून उचला आणि डोक्याचा भाग उजेडाकडे धरून बघा. दोन्ही डोळ्यांच्या जागी काचेसारख्या गोल टोप्या दिसायला हव्यात. तिथं भोक दिसलं तर टोपी सापावरच आहे.

---

कळंबा_तळ्याकाठी | ४ एप्रिल, सकाळी ६:५०

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी.

२३ मार्चला डोळे दुधाळ झाले. पेटीवर फडकं टाकलं, घरात सगळ्यांना सांगितलं. ह्या वेळी पाहुणे आले तेव्हा मुलांनीच त्यांना दारात अडवलं. आर्द्रता ७० वर ठेवली. ती पाच दिवस आइस्क्रीमच्या डब्यातून बाहेर आली नाही, फक्त नाकाचं टोक दिसायचं. २९ ला उजवा डोळा स्वच्छ झाला. डाव्याचं काही कळत नव्हतं.

काल रात्री दोनच्या सुमाराला फांदीवर घासल्याचा आवाज आला. मी उठले, पण लाईट लावला नाही. अंधारात बसून ऐकत राहिले. कोरडं पान चुरगाळावं तसा आवाज, मधे थांबायचा, परत सुरू व्हायचा. पाऊण तास चालला.

सकाळी फांदीच्या बेचक्यातून खाली अख्खी कात लोंबत होती. ओठापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकसंध, अजून ओलसर. सासूबाईंनी माझ्याआधी बघितली आणि हाक मारली. खिडकीशी नेऊन डोकं उजेडाकडे धरलं. उजव्या डोळ्याच्या जागी एक टोपी, स्वच्छ. डाव्या जागी टोपी जाड दिसली. टाचणीने हलकेच कड सोडवली तर दोन निघाल्या, एकावर एक बसलेल्या, वरची पिवळट आणि खालची नितळ.

ढेप पाण्याच्या भांड्याशी बसली आहे. दोन्ही डोळे काळे आहेत.

---

उंबरठ्यावरचा_पाऊस | ४ एप्रिल, सकाळी ७:०५

तो दोन टोप्यांचा फोटो टाका ना ताई. मला बघायचा आहे.